मिनिटभर

मराठी घरात सकाळपासून रात्रीपर्यंत जे कालवाचक शब्द तोंडी येतात, त्यांत ‘मिनिट’ या शब्दाचा क्रमांक बहुधा पहिला लागेल. दूध उतू जाते आहे, फोन वाजतो आहे, दाराशी कुरियरवाला उभा आहे, पोराची शाळेची बस चौकात येऊन भोंगा वाजवते आहे. या सर्वांना घरातून एकच उत्तर मिळते, ‘एक मिनिट!’ वर्ष, महिना, आठवडा यांची नावे आपण कारणपरत्वे घेतो. मिनिटाचे मात्र उठता-बसता. शब्द इतका सवयीचा झाला की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. घराचा उंबरठा आपण दिवसातून पन्नास वेळा ओलांडतो, पण तो कोणत्या लाकडाचा, असे कोणी विचारले तर वाकून पाहावे लागते. या शब्दाकडे असे एकदा वाकून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या शब्दावर दोन आरोप पुष्कळ वर्षे चालत आले आहेत. पहिला भाषाशुद्धीच्या अभिमान्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, पळे आणि घटका घरात असताना हा परका पाहुणा आणला कशाला? दुसरा आरोप शिस्तीच्या अभिमान्यांचा. ते म्हणतात, शब्द घेतलात तो घेतलात, पण त्याबरोबरचा काटेकोरपणा विलायतेतच ठेवून आलात. मराठी माणसाचे मिनिट कधी साठ सेकंदांचे असते का? मी नागपुरात प्रतापनगरात राहतो, आणि आमच्याकडे हा दुसरा आरोप अधिक ऐकू येतो. नळ दुरुस्त करणारा गडी फोनवर मोठ्या विश्वासाने सांगतो, ‘येऊनच राह्यलो न काकाजी, पाच मिन्टात पोचतो!’ आणि त्याच वेळी त्याच्यामागे भलत्याच घरच्या नळाचे पाणी वाजत असते. ते ऐकून ‘आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही’ हे वाक्य ज्याच्या मनात आले नाही, असा गृहस्थ आमच्या भागात तरी विरळा.

मला हे दोन्ही आरोप मान्य नाहीत. ‘मिनिट’ परके नाही आणि ढिले वापरले म्हणून ते खोटेही ठरत नाही. या शब्दाने मराठीचे काही नुकसान केले आहे खरे. पण ते या दोघांपैकी कोणीच बोलून दाखवीत नाही. ते सांगण्यापूर्वी शब्दाचे कुळ पाहू.

इंग्रजीतले ‘मिनिट’ लॅटिनच्या ‘मिनुता’वरून आले. ‘मिनुता’ म्हणजे लहान केलेली, बारीक केलेली. मूळ धातूचा अर्थ कमी करणे. वजाबाकीतले ‘मायनस’, वयाने लहान तो ‘मायनर’, हॉटेलात समोर ठेवतात ते ‘मेनू’, ही सारी त्याच गोतातली मंडळी. मेनू म्हणजे पदार्थांचा बारीकसारीक तपशील. तेव्हा ‘मिनिट’ या शब्दाच्या पोटात वेळ मुळीच नाही; आहे तो फक्त लहानपणा.

मग हे बारीक केले काय? तर वर्तुळ. बाबिलोनच्या लोकांना साठाच्या पटीत मोजण्याची सवय होती. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमी नावाचा ज्योतिषी होऊन गेला. त्याने आकाशाचे गणित याच रीतीने मांडले. वर्तुळाचे तीनशे साठ अंश, अंशाचे साठ भाग आणि त्या प्रत्येक भागाचे पुन्हा साठ. ही विद्या लॅटिनमध्ये उतरली तेव्हा साठाच्या पहिल्या विभागणीला ‘पार्स मिनुता प्रिमा’, म्हणजे ‘पहिला बारीक भाग’ म्हणू लागले आणि दुसऱ्या विभागणीला ‘पार्स मिनुता सेकुंदा’, म्हणजे ‘दुसरा बारीक भाग’. एवढी लांब नावे रोजच्या वापरात कशी टिकणार? लोकांनी पहिल्यातले ‘मिनुता’ उचलले, दुसऱ्यातले ‘सेकुंदा’ उचलले आणि बाकीचे टाकून दिले. आपल्या पोराला शर्यतीत पहिल्यापेक्षा एक सेकंद जास्त लागला आणि तो सेकंड आला, असे आपण सांगतो तेव्हा एकच शब्द आपण दोनदा वापरलेला असतो. पहिल्याचा अर्थ काळ आणि दुसऱ्याचा क्रमांक, असे आपल्याला वाटते. मुळात दोन्ही ‘दुसरा’च.

म्हणजे मिनिट जन्माला आले ते आकाशातल्या वर्तुळावर. घड्याळात ते फार उशिरा उतरले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याने ॲस्ट्रोलेब या ताऱ्यांच्या उंची मोजण्याच्या यंत्रावर एक पुस्तक लिहिले. त्यात मिनिटे येतात ती मुख्यतः कोनाची. हॉयगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ सिद्ध केले आणि त्यानंतर घड्याळांना मिनिटकाटा सर्रास बसू लागला. त्यापूर्वी बहुतेक घड्याळे एकट्या तासकाट्यावर चालत. मग ज्या इंग्रजाच्या गावच्या घड्याळाला मिनिटकाटाच नव्हता, तो ‘मिनिट’ म्हणे तेव्हा त्याला काय अभिप्रेत असे? दुसरे काय असणार? थोडासा वेळ! आणि अजूनही दाराशी आलेल्याला ‘एक मिनिट’ असे सांगून इंग्रज गृहस्थ आपले जोडे सावकाशच शोधतो. तेव्हा मराठी माणसाने मिनिट ढिले केले, या आरोपात फारसा जीव उरत नाही. शब्द ढिलाच होता. घड्याळाने तो मध्यंतरी आवळला.

आता परकेपणाचा प्रश्न. ज्यांना ‘मिनिट’ खुपते त्यांना ‘तास’ खुपत नाही. पण तास हा आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ धातूचे पात्र, थाळी. वेळ कळविण्यासाठी जी थाळी बडवीत तिचे ते नाव, आणि मग तिच्या दोन ठोक्यांमधल्या वेळाचेही. आज ‘मराठीचा तास’ असे शाळेच्या वेळापत्रकात आपण लिहितो, तेव्हा त्या भाषेच्या अभिमानाच्या शेजारी ही परदेशी थाळी वाजत असते! हप्ता म्हणजे फारसी सात. रोज, साल, तारीख, मुदत, जमाना, सगळे त्याच वाटेने आलेले. सावरकरांनी तारखेला ‘दिनांक’ हा शब्द दिला आणि तो सरकारी कागदावर चांगला रुळलाही. पण अंगणात खेळणारे मूल अजून ‘आज तारीख काय?’ असेच विचारते.

बरे, संस्कृताकडे जावे तर तिथेही तीच गोष्ट. आपल्या ज्योतिषात अंशाच्या साठाव्या भागाला ‘कला’ म्हणतात. पण त्याचे दुसरे नाव आहे ‘लिप्ता’, आणि हा शब्द ग्रीक ‘लेप्तोन्’वरून आला. लेप्तोन् म्हणजे पातळ, बारीक. आजही ग्रीसमध्ये मिनिटाला ‘लेप्तो’च म्हणतात. अरबीत मिनिटाला ‘दकीका’ म्हणतात; त्याचाही अर्थ बारीक. म्हणजे ग्रीकांनी बारीक म्हटले, अरबांनी बारीक म्हटले, लॅटिनवाल्यांनी बारीक म्हटले, आणि आपल्या पूर्वजांनी भाषांतराची खटपट न करता ग्रीक शब्दच उचलून त्याला संस्कृताची विभक्ती लावली. ‘होरा’ही तसाच. ग्रीक ‘होरा’ इंग्रजीत ‘अवर’ झाला, आपल्या पत्रिकेत ‘होरा’च राहिला. वराहमिहिराने सहाव्या शतकात या शब्दाविषयी एक मत नोंदविले आहे: ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गाळले की ‘होरा’ उरतो. व्युत्पत्ती म्हणून ती टिकणारी नाही, पण तिच्यातली माया पाहण्यासारखी आहे. परका शब्द दत्तक घेतल्यावर त्याला आपल्या कुळाची कथा जोडून देण्याची ही रीत आहे. दीड हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ‘लिप्ता’ चालवून घेतली, त्यांच्या वारसांनी ‘मिनिटा’ला दारात अडवण्यात अर्थ नाही.

हा पाहुणा आमच्या वऱ्हाड-नागपूरकडे कोणत्या वाटेने आला, तेही पाहण्याजोगे आहे. कोनाचे मिनिट आधी आले, वेळेचे मागून. त्रिकोण मापून हिंदुस्थानचा नकाशा सिद्ध करण्याचे जे प्रचंड काम कंपनी सरकारने हाती घेतले, त्याचा प्रमुख विल्यम लॅम्टन हैदराबादेहून नागपुराकडे येत असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे वारला. त्याचे थडगे तिथेच आहे. अंश, मिनिटे आणि सेकंद मोजीत दक्षिणेतून निघालेला हा माणूस नागपूर सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर राहिले असताना थांबला. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर. तेवढे अंतर चालायला मला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. लॅम्टनच्या हिशेबी मात्र ते एकच मिनिट. नागपूरचा झिरो माईलचा स्तंभ आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवितो, तोही या मोजणीच्याच परिवारातला.

वेळेचे मिनिट आले ते आगगाडीतून. १८६७ साली भुसावळहून निघालेली लोखंडी वाट नागपूरला पोहोचली. बैलगाडीला ‘सकाळी निघू’ एवढे पुरत असे. आगगाडीला अमुक वाजून तमुक मिनिटे लागतात, आणि ती कोणासाठी थांबत नाही. पाठोपाठ जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. शेतावर दिवस उगवला की कामाला लागणारा माणूस गिरणीत आला, आणि उशिरा येणे म्हणजे पगाराला कात्री हे त्याला कळून चुकले. गिरणी आता राहिली नाही. पण मिनिट हे पैशात मोजता येते, हा धडा शहराने घेतला तो अशाच कारखान्यांतून.

गंमत अशी की, हे मिनिट कोणाचे, हेही तेव्हा ठरलेले नव्हते. प्रत्येक गावाचा सूर्य वेगळा, माध्यान्ह वेगळी. रेल्वे बराच काळ मद्रासची वेळ पाळी, आणि ती आमच्यापेक्षा जेमतेम साडेचार मिनिटे पुढे होती. १९०६च्या आरंभी साऱ्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली. मुंबईच्या सूर्याहून ती सुमारे ३९ मिनिटे पुढे. मुंबईकरांनी तेवढ्यासाठी केवढे रण माजविले! सरकारने आमच्या खिशातली ३९ मिनिटे काढून घेतली, अशी ती भावना होती. सरकारी घड्याळ एक वेळ दाखवी, तर शहरातली दुसरी घड्याळे हट्टाने मुंबईचीच. स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षे ती जुनी वेळ मुंबईत काही ठिकाणी तग धरून होती. आमच्या नागपूरचा हिशेब साडेतेरा मिनिटांचा. घड्याळात बारा वाजले तरी सूर्य आमच्या डोक्यावर यायला सरासरीने तेवढी मिनिटे बाकी असतात. आम्ही त्यासाठी भांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आणखी एक ‘मिनिट’ आहे. त्याला विसरून चालणार नाही. लॅटिनात ‘मिनुता’ म्हणजे लहान अक्षरात केलेले कच्चे टिपणही. त्यावरून कचेरीतल्या टिपणीला आणि सभेच्या वृत्तान्ताला इंग्रजीत हेच नाव पडले. आमच्या ले-आउटच्या वार्षिक सभेत पहिला विषय ‘मागील सभेचे मिनिट्स वाचून कायम करणे’ हा असतो. त्यासाठी ‘इतिवृत्त’ हा सुंदर शब्द मराठीत आहे, पण तो नोटिशीत राहतो आणि तोंडात ‘मिनिट्स’च येतात. सभा अडीच तास चालते आणि तिची ‘मिनिट्स’ दीड पानात संपतात, हा विनोद तर प्रत्येक सभेत कोणीतरी करतोच.

पण याच अर्थाच्या मिनिटांनी आपल्या भाषेचे भवितव्य ठरविले, हे मात्र विनोदाने घेण्यासारखे नाही. १८०४ साली नागपूरला भोसल्यांच्या दरबारी एल्फिन्स्टन हा इंग्रज वकील म्हणून येऊन राहिला होता. पुढे १८१९ ते १८२७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि शिक्षणावर त्याने जे मिनिट लिहिले, त्यात देशी भाषांतल्या शाळा आणि देशी भाषांतली छापील पुस्तके यांवर मोठा भर होता. त्यानंतर मेकॉलेचे मिनिट आले, २ फेब्रुवारी १८३५ चे. त्याने सरकारी पैशाचा ओघ इंग्रजी शिक्षणाकडे वळविला. त्या दोन मिनिटांपैकी दुसरे अजून संपलेले नाही. प्रतापनगरातल्या रस्त्यांवरून सकाळी फिरायला निघावे आणि शाळांच्या बसगाड्यांवरची नावे वाचीत जावे, म्हणजे ते किती लांबले आहे हे ध्यानात येईल.

असो. आता मराठीने या शब्दाचे काय केले, ते पाहू. कारण भाषेची खरी ताकद तिथेच दिसते. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. मराठीने काही न विचारता त्याला नपुंसकलिंग दिले, पळ आणि निमिष यांच्या पंगतीला बसविले. एक मिनिट, दोन मिनिटे, मिनिटांत, मिनिटागणिक, मिनिटामिनिटाला. कुठेही शब्द अडखळत नाही. आणि मग त्याला तो प्रत्यय लावला, जो लागला म्हणजे शब्द मराठी झाला असे खुशाल समजावे: ‘भर’. मिनिटभर!

हा ‘भर’ मोठा अर्थपूर्ण आहे. मूठभर शेंगदाणे, ओंजळभर फुले, वाटीभर ताक. ज्यात काही भरता येते, त्याचे ते माप. आणि काळालाही आपण तोच लावतो, कारण आपल्याकडे काळ खरोखरच भांड्यात भरत असे. घटिका म्हणजे लहान घट. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. पाणी आत शिरून ती बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली. घटकेची साठ पळे, म्हणून पळ चोवीस सेकंदांचे. आणि साठ घटकांची दिवस-रात्र. लग्नघरात गुरुजी त्या वाटीवर डोळा ठेवून बसत. एखाद्याचा अंत जवळ आला म्हणजे ‘त्याची घटका भरली’ असे आपण म्हणतो, ते या वाटीवरून. चार दिवसांच्या सत्तेला ‘औट घटकेचे राज्य’ म्हणतो. औट म्हणजे साडेतीन, तेव्हा ते राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचे झाले. शेतकरी ‘दिवस कासराभर वर आला’ म्हणतो, तेव्हा त्याने बैलाच्या दोरीने आकाश मोजलेले असते. लॅटिनने काळाचे तुकडे केले. मराठीने तो भांड्यात भरला. ‘मिनिट’ हा तुकडा आपल्या हाती आला, तेव्हा त्याचीही आपण वाटी केली आणि म्हटले, ‘मिनिटभर बस, चहा टाकते.’

कवितेने मात्र हा शब्द अजून पुरता आत घेतलेला नाही. मर्ढेकरांनी यंत्रयुगातले आणि इंग्रजी वळणाचे कितीतरी शब्द मराठी कवितेत आणले आणि त्यांना तेज आणले. तरी कोमल ठिकाणी आपले कवी क्षण, पळ, निमिष यांकडेच वळतात. भा. रा. तांबे यांच्या मरणावरच्या सर्वपरिचित कवितेत ‘पळभर’ हा शब्द आहे. त्या जागी ‘मिनिटभर’ घालून पाहावे. वृत्ताची गोष्ट सोडा, अर्थच ढासळतो. मिनिटाला मागे-पुढे दुसरी मिनिटे आहेत, ते मोजणीच्या रांगेत उभे आहे. पळ त्या रांगेतून केव्हाच सुटले. ते चोवीस सेकंदांचे आहे हे ज्योतिष्याखेरीज कोणाच्या ध्यानात राहिले नाही, म्हणून त्यात माणसाच्या शोकाचा अल्पपणा मावू शकला. शब्द मापाच्या नोकरीतून निवृत्त झाला म्हणजे कवितेच्या कामी येतो, असे दिसते. मिनिट अजून नोकरीत आहे.

आणि इथेच ते तिसरे नुकसान आहे. ‘मिनिट’ दोन नोकऱ्या एकदम करते आहे. एका बाजूला ते आगगाडीचे, रुग्णवाहिकेचे, परीक्षेच्या वर्गातले मोजलेले माप आहे. दुसऱ्या बाजूला ‘थोडा वेळ’ एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘मिनिटभर थांब’ म्हटले की घोटाळा नाही. तो ‘भर’ सांगतोच की हे माप सैल आहे, ही विनंती आहे. घोटाळा होतो तो आकड्याने. ‘पाच मिनिटांत येतो’, ‘दोन मिनिटांत करतो’. इथे आकडा आहे, म्हणजे वचन आहे. पण बोलणाऱ्याच्या मनात वचन नाही, त्याला फक्त ‘जरा वेळाने’ असे म्हणायचे आहे. मग तो तसेच का म्हणत नाही?

कारण ते शब्द त्याच्या तोंडून गेले. जरा वेळाने, घटकाभराने, सवडीने, हातातले झाले की, दिवेलागणीला, उन्हे कलली की, जेवणे उरकली की. मराठीत असे पुष्कळ शब्द होते आणि ते सगळे प्रामाणिक होते. त्यांत मोजमाप नव्हते, पण खोटेपणाही नव्हता. ‘उन्हे कलली की येतो’ म्हणणारा माणूस चारला येवो की साडेचारला, त्याने शब्द मोडला असे कोणी म्हणत नसे. ही सारी शब्दसंपत्ती ‘पाच मिनिटां’नी गिळून टाकली. संदिग्ध बोलायचे तर आता आपल्याजवळ संदिग्ध शब्द उरला नाही. नेमक्या आकड्याचा अंगरखा घालूनच संदिग्धपणाला बाहेर पडावे लागते. आमच्या नळवाल्याचा दोष असला तर एवढाच. ‘हे घर आटोपले की येतो’ हे खरे वाक्य त्याच्या जिभेवर होते. पण आकड्याखेरीज गिऱ्हाइकाचे समाधान होत नाही, हे त्याला आम्हीच शिकविले.

मिनिटाला आपण खरोखर किती घाबरतो, ते शोकसभेत दिसते. पहिले महायुद्ध थांबल्याच्या पहिल्या वाढदिवशी, ११ नोव्हेंबर १९१९ रोजी, इंग्रजांनी मृतांसाठी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची प्रथा पाडली. ती आपल्याकडे गावोगाव पसरली. अध्यक्ष म्हणतात, ‘दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहू या.’ सगळे उभे राहतात. पंख्याचा आवाज ऐकू येतो, कोणाचा तरी खोकला ऐकू येतो, खुर्चीला टेकवलेली काठी घसरते. वीस-पंचवीस सेकंद झाले की अध्यक्ष चुळबुळतात आणि पाऊण मिनिटाच्या आत ‘ओम शांती’ म्हणून मोकळे होतात. ज्या दोन मिनिटांना आपण दिवसभर तासासारखे ताणतो, ती खरी दोन मिनिटे समोर आली की आपल्याच्याने ती पुरी सोसवत नाहीत. मोजलेले मिनिट पुष्कळ मोठे असते.

आणि ते सर्वांत मोठे असते वाट पाहणाऱ्याला. आमच्या भागात अशी कितीतरी घरे आहेत, जिथली मुले पुण्याला, बंगलोरला किंवा समुद्रापार आहेत आणि घरात आई-वडील दोघेच. मुलाचा फोन येतो, मध्येच त्याला कोणी हाक मारते, तो म्हणतो, ‘आई, दोन मिनिटांत करतो परत.’ मुलगा वाईट नसतो. त्याला ‘सवड झाली की’ म्हणायचे असते. पण आईने ऐकलेले असतात ते ‘दोन’. ती मग पोळ्यांना बसत नाही, न्हाणीत जात नाही, देवापुढे दिवा लावते तोही फोन जवळ ठेवून. तिच्या हिशेबात मिनिट अजून मिनिटच आहे. कारण शब्दाचा अर्थ बोलणारा एकटा ठरवीत नाही. ऐकणाराही ठरवितो आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ऐकणाराच भरतो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. ‘मिनिट’ हा शब्द मराठीतून घालवायची काही गरज नाही. तो आपला झाला आहे, ‘लिप्ता’ झाली होती तसा, ‘तास’ झाला आहे तसा. मिनिटभर, एखादे मिनिट, पाच-दहा मिनिटे, ही त्याची सैल रूपे खुशाल वापरावीत. ती मराठीची आहेत आणि खरी आहेत. पण एकटा आकडा उच्चारला, की तो पाळावा. आणि पाळता येणार नसेल, तर आपल्याच कोठीत पडून असलेले ते जुने, मोकळे, प्रामाणिक शब्द बाहेर काढावेत. ‘जेवण झाल्यावर करतो’ असे म्हटले, तर आई निदान न्हाणीत तरी जाईल.

लक्ष्मीपूजनाचा प्रदोषकाळ सूर्यास्तापासून धरतात. त्या दिवशी मुंबईचा सूर्य आमच्यानंतर पंचवीस-तीस मिनिटांनी मावळतो, आणि परदेशातल्या मुलांच्या घरी तेव्हा कुठे सकाळ, कुठे मध्यरात्र असते. त्या सर्व मिनिटांचा मेळ घालणे पंचांगालाही जमणार नाही. पूजेनंतर जो फोन करायचा, त्याची वेळ मात्र सांगता येते. ‘दिवे लावून झाले की करतो’ असे सांगावे, आणि दिवे लावून झाले की करावा.